आरसी ड्रिफ्टसाठी चासी घेताय? आधी लादी बघा, मग दुकान

गणपतीला डोंबिवलीहून भाचा आला होता. आरती झाली की मोबाईल घेऊन शेजारी येऊन बसायचा आणि रोज एकच प्रश्न, मामा, वायडी-२ घेऊ की आरएमएक्स? या दोन्ही आरसी ड्रिफ्टच्या, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या आणि घसरत वळण घेणाऱ्या गाडीच्या चासी, चासी म्हणजे बॉडीखालचा सांगाडा. मी दरवेळी उलट विचारायचो, चालवणार कुठे? त्याला वाटायचं मी विषय टाळतोय. पण खरं सांगतो, ड्रिफ्टच्या चासीचा अर्ध्याहून जास्त निर्णय या एका प्रश्नातच होऊन जातो. मला हे सुरुवातीला कळलं नव्हतं आणि त्यापायी एक पूर्ण चासी वाया गेली. भाच्याला पाच दिवस तुकड्यातुकड्यात जे सांगितलं ते इथे सलग लिहितो, कारण रत्नागिरी, मालवण, देवगड, अलिबाग असं कुठेही खाऱ्या वाऱ्यात राहून ही गाडी चालवायची तर थोडा वेगळा विचार करावा लागतो आणि परदेशी व्हिडिओत तो कोणी सांगत नाही.

मी जे सांगतोय ते १/१० स्केलच्या गाडीबद्दल, म्हणजे साधारण ४३-४५ सेंटीमीटर लांबीची बॉडी बसते ती. लहान स्केलचं शेवटी थोडं सांगतो.

लादी

ड्रिफ्टच्या गाडीचे टायर रबराचे नसतात, कडक प्लास्टिकचे असतात. ते चिकटू नयेत, घसरावेत, पण अगदीच निसटू नयेत, एवढ्यावर सगळा खेळ आहे. त्यामुळे खाली काय आहे ते बदललं की गाडी बदलते, तीच चासी, तीच मोटर, तोच माणूस, तरी गाडी दुसऱ्याची वाटते.

आपल्याकडे जागा कुठल्या मिळतात ते बघा. जुन्या घराच्या पडवीतला किंवा ओटीवरचा तुळतुळीत कोबा, नवीन घरातली किंवा मंगल कार्यालयातली व्हिट्रिफाइड लादी, शाळेच्या सभागृहातली शहाबादी फरशी, बिल्डिंगखालच्या पार्किंगचं काँक्रीट, जेटी, आणि डांबरी रस्ता. कोबा माझ्या मते सगळ्यात सुंदर, घसरण एकसारखी मिळते आणि सांधे नसतात. लादी त्याहून निसरडी, आणि दोन लाद्यांमधल्या सांध्यावर गाडी टक टक उडते. शहाबादी फरशी जुनी आणि घासलेली असेल तर छान, नवीन खरखरीत असेल तर टायर खाते. डांबरावर टायर खडूसारखा झिजतो आणि चासीखाली खडी घुसते. पेव्हर ब्लॉकवर ड्रिफ्ट होत नाही, प्रयत्न करू नका, गाडीचे स्क्रू तेवढे ढिले होतात.

आता पावसाचं बघा. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यात, म्हणजे वर्षाचा एक तृतीयांश काळ बाहेर काहीच चालवता येत नाही. मे महिन्यात दुपारी बाहेर उभं राहवत नाही ते वेगळंच. म्हणून माझा पहिला सल्ला हा की चासी छपराखाली चालेल अशीच घ्या, बाहेरचं अधूनमधून जमलं तर जमलं. पावसाळ्यात लादीला ओल सुटते आणि सकाळची घसरण संध्याकाळी राहत नाही, तेव्हा आधी कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं. काहीजण कॅरमची पावडर टाकतात, ती टाकू नका, पाच मिनिटं मजा येते आणि नंतर ती सगळी बेअरिंगमध्ये आणि गिअरमध्ये जाऊन बसते.

जागा ठरली की तिथे नेहमी येणारे जे तीन-चार जण असतील त्यांच्याशी बोला आणि सगळ्यांनी एकच टायर ठरवा. हे फार महत्त्वाचं आहे. एकाचा टायर चिकट आणि दुसऱ्याचा निसरडा असला की जोडीने ड्रिफ्ट करताच येत नाही, एक पुढे पळतो आणि दुसरा जागेवर गोल फिरतो. बाहेर क्लबमध्येसुद्धा हाच नियम असतो, टायर ठरलेला. अगदी पैसे नसतील तर प्लंबरकडचा पीव्हीसी पाइपचा तुकडा कापून रिमवर बसवतात, रिम साधारण ५२ मिलिमीटरचं असतं, त्यावर टेप गुंडाळून किंवा पाइप हीट गनने गरम करून बसवायचा. सरावाला तो चालतो, फक्त चारही रिंगा एकाच पाइपाच्या पाहिजेत आणि कडा घासून गोल करायच्या.

फोर व्हील की रिअर व्हील

जुन्या ड्रिफ्टच्या चासी फोर व्हील ड्राइव्ह असायच्या. चारही चाकं सारखी फिरतात त्याला फिफ्टी-फिफ्टी म्हणतात. ही गाडी चालवायला सोपी, कारण पुढची चाकंच गाडीला ओढून बाहेर काढतात, पण खऱ्या ड्रिफ्टमध्ये पुढची चाकं जशी उलटी वळलेली दिसतात तसं काही दिसत नाही, गाडी नाक आत घालून घसरत जाते. मग लोकांनी मागची चाकं पुढच्यांपेक्षा जास्त वेगाने फिरतील असे गिअर आणि पुली टाकल्या, त्याला काउंटर स्टेअर किंवा सीएस म्हणतात. आणि नंतर जायरो आला, तेव्हापासून सगळे रिअर व्हीलवर आले, म्हणजे फक्त मागची दोन चाकं ढकलतात अशा गाडीवर. जायरो म्हणजे काडेपेटीपेक्षा छोटी डबी, गाडीची शेपूट सुटायला लागली की ती स्वतःहून स्टेअरिंग उलटं फिरवते. रिअर व्हील गाडी जायरोशिवाय चालवणं म्हणजे रोज भोवरा फिरवणं, त्यामुळे रिअर व्हील घ्यायची तर जायरोचे पैसे चासीच्याच हिशोबात धरा.

माझं स्पष्ट मत, मोठ्या माणसाने आणि बारा-तेरा वर्षांच्या वरच्या मुलाने सरळ रिअर व्हील घ्यावी. "आधी फोर व्हीलवर शिकतो मग बदलतो" हे ऐकायला बरं वाटतं पण फोर व्हीलवर थ्रॉटलची, म्हणजे रिमोटवरच्या वेगाच्या ट्रिगरची, जी सवय लागते, की अडकलं की दाबा, ती रिअर व्हीलवर सगळी विसरावी लागते. इथे अडकलं की सोडायचं, किंवा अर्धाच दाबायचा.

फोर व्हील कधी घ्यायची? घरात आठ-दहा वर्षांचं पोर आहे आणि त्याला आजच्या आज मजा पाहिजे, किंवा जागा म्हणजे फक्त खडबडीत काँक्रीट आहे आणि दुसरं काही मिळणारच नाही, तर टामियाची टीटी-०२डी घ्या. टीटी-०२ ही २०१३ साली आलेली चासी आहे, बेल्ट नाही, मधून शाफ्ट जातो, गिअर पुढे मागे डबीत बंद, त्यामुळे धूळवाळूत टिकते आणि उद्या ड्रिफ्टचा कंटाळा आला तर रबराचे टायर लावून साधी गाडी म्हणून पळवता येते. फक्त तिचं स्टेअरिंग मुळात कमी वळतं, ते लक्षात ठेवा.

मोटर कुठे बसलीये

हा भाग सावकाश वाचा, कारण दुकानात कोणी हे सांगत नाही आणि चासीचा स्वभाव इथेच ठरतो.

रिअर व्हील गाडीत गाडीला पुढे ढकलायचं काम फक्त मागच्या दोन चाकांचं. ती चाकं जमिनीवर जेवढी दाबली जातील तेवढी ओढ जास्त. आणि गाडीत जड गोष्टी दोनच, मोटर आणि बॅटरी, बाकी सगळं हलकं. त्यामुळे मोटर कुठे आहे हे बघितलं की गाडी कुठल्या लादीची आहे ते कळतं.

पहिला प्रकार, मोटर मागच्या एक्सलच्या थोडी पुढे. याला मिड किंवा रिअर-मिड म्हणतात. एमएसटी कंपनीची आरएमएक्स अशी आहे. वजन मधोमध आणि थोडं मागे, गाडी वळायला तयार असते आणि थांबवायलाही सोपी. नवीन माणसाला मी डोळे झाकून हीच सांगतो.

दुसरा, मोटर मागच्या एक्सलच्या मागे, जशी एमएसटीचीच आरआरएक्स. अतिशय निसरड्या लादीवर ही गाडी सगळ्यात छान पळते, कारण मागची चाकं चांगली दाबली जातात. पण शेपूट जड आहे, एकदा झुलायला लागली की झुलतच राहते, दोरीला बांधलेल्या दगडासारखी, ती वेळेत आवरायला हात बसलेला लागतो. मोठ्या हॉलमध्ये लांब लांब वळणं असतील तर ही गाडी बघायला फार देखणी वाटते, पडवीत मात्र ती जागेत मावत नाही.

तिसरा, मोटर पुढे, त्यांच्याच एफएमएक्ससारखी. खऱ्या गाडीचं इंजिन पुढे असतं तसं. पुढचं वजन जास्त म्हणून नाक छान वळतं, पण मागची चाकं हलकी, आपल्या लादीवर ती नुसती जागेवर फिरतात आणि गाडी पुढे सरकतच नाही. ज्यांच्याकडे कार्पेट आहे किंवा थोडं ग्रिपवालं काँक्रीट आहे त्यांच्यासाठी ही ठीक. आमच्यातल्या एकाने दिसायला आवडली म्हणून घेतली होती, सभागृहातल्या फरशीवर महिनाभर झगडला आणि मग मागे एवढं शिसं चिकटवलं की पुढे मोटर ठेवण्यात अर्थच उरला नाही.

अजून एक, मोटर मागे पण उंचावर बसवलेली. उंच वजन म्हणजे थ्रॉटल दाबल्या दाबल्या गाडी मागे बसते आणि सोडल्यावर पुढे झुकते, म्हणजे बोटाने वजन पुढे मागे करता येतं. हात बसलेल्या माणसाला हे फार आवडतं. नवीन माणसाला ते समजतच नाही, त्याला वाटतं गाडी आज वेगळी का चालतेय.

वजन मोजायची सोपी रीत सांगतो. बॅटरी, बॉडी सगळं लावून मागची दोन चाकं किचनमधल्या वजनकाट्यावर ठेवा आणि पुढची चाकं तेवढ्याच उंचीच्या वहीवर किंवा पुस्तकांवर. आकडा लिहा. मग उलट करा. दोन आकड्यांची बेरीज म्हणजे गाडी. माझी कोब्यावर चालणारी गाडी पुढे ४२ आणि मागे ५८ टक्क्यांच्या आसपास आहे आणि मला ती तिथे बरी वाटते. वजन लावायला दुकानातून काही मागवायची गरज नाही, बंदरावर जाळ्याला लावायचं शिसं मिळतं, ते ठोकून चपटं करायचं, दोन्ही बाजूने चिकटणारी टेप लावायची आणि चिकटवायचं. शिसं हाताळल्यावर हात धुवा, आणि लहान पोरांना ते ठोकायला देऊ नका.

म्हणून चासी बघताना हे बघा की बॅटरी पुढे मागे, आडवी उभी करता येते का. मोटरची जागा बदलत नाही पण बॅटरीची बदलता आली तर एकच चासी दोन लाद्यांवर चालते. यातच अजून एक बघून घ्या, बॅटरी कुठल्या मापाची बसते. मागे मोटर असलेल्या बऱ्याच चासीत लांब बॅटरी मावत नाही, आखूड लागते जिला शॉर्टी म्हणतात. घरात लांब बॅटऱ्या पडलेल्या असतील तर आधी मोजपट्टी घ्या.

स्टेअरिंग

चासी हातात मिळाली तर पहिल्यांदा पुढचं चाक धरून पूर्ण वळवून बघा. ड्रिफ्टच्या चासीचं चाक साध्या आरसी गाडीच्या दुपटीने वळलं पाहिजे, ६० अंशाच्या पुढे, आणि वळताना आर्मला, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याला, किंवा चासीला घासता कामा नये. एका बाजूला पूर्ण वळवून दोन्ही चाकांकडे वरून बघा, दोन्ही जवळपास समांतर दिसली पाहिजेत. साध्या गाडीत आतलं चाक जास्त वळतं आणि ते तिथे बरोबर असतं, पण ड्रिफ्टमध्ये पूर्ण उलट्या स्टेअरिंगवर एक चाक एकीकडे आणि दुसरं दुसरीकडे बघायला लागलं की गाडी अडखळते.

स्टेअरिंग दोन प्रकारचं येतं. एकात पट्टी रुळावर सरकल्यासारखी सरकते, त्याला स्लाइड रॅक म्हणतात, आणि दुसऱ्यात दोन दांडे वायपरसारखे फिरतात. स्लाइड रॅक दोन्हीकडे अगदी सारखं वळतं, छान असतं, पण त्या रुळात वाळूचा एक कण गेला की कचकच आवाज आणि स्टेअरिंग मध्येच अडकतं. भाट्याच्या पुळणीजवळ राहणाऱ्याच्या घरात वाळू कशी येते हे त्यालाच माहीत, चपलेला लागून येते, वाऱ्याने येते. म्हणून मी दांडेवालं सांगतो, पण त्या दांड्यांना बेअरिंग असलेलं. बेअरिंगऐवजी बुश, म्हणजे नुसत्या साध्या रिंगा, असतील तर लवकरच ढिले होतात, आणि स्टेअरिंगमध्ये ढिलेपणा आला की जायरो गोंधळतो, चाकं थरथरायला लागतात आणि आपण उगाच जायरोला दोष देत बसतो.

कॅस्टर, कॅम्बर, टो हे चाकांचे वेगवेगळे कोन बदलता येतात का तेही बघा, पण पहिल्या वर्षी ते बदलू नका. किटच्या कागदावर जे माप दिलंय त्यावरच ठेवा. रोज एक स्क्रू फिरवणारा माणूस चालवायला शिकत नाही, हे मी आमच्यातल्या दोघांच्या बाबतीत बघितलंय.

वाळू, मीठ, गंज

आता ती वाया गेलेली चासी. जुनी फोर व्हील, दोन बेल्टवाली, दुसऱ्याकडून घेतलेली, दिसायला काळी कुळकुळीत कार्बनची, मला फार अभिमान वाटायचा. मे महिन्यात दोन-तीन वेळा जेटीवर नेली. बेल्ट उघडा असतो, पुलीच्या दातात वाळू जाऊन बसते, आणि एक दिवस करकर आवाज करत बेल्टचे दात सोलून निघाले. नवीन बेल्ट मागवला तर ते मॉडेलच बंद झालेलं. पावसाळाभर ती माळ्यावर राहिली आणि सप्टेंबरात काढली तर स्क्रू तांबडे, चाकातली बेअरिंगं जाम, ॲल्युमिनियमच्या भागांवर पांढरी भुकटी. चालवून खराब झाली त्यापेक्षा ठेवून जास्त खराब झाली.

म्हणून समुद्राकाठच्या माणसाने गिअरवाली चासी घ्यावी, गिअरबॉक्स बंद डबीत असलेली. सुदैवाने आजकालच्या बहुतेक रिअर व्हील चासी तशाच आहेत. उघडा स्पर गिअर, म्हणजे मोटरला जोडलेला मोठा गिअर, असेल तर त्यावर झाकण आहे का बघा, जांभ्याची तांबडी धूळ ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिश पेपरसारखं काम करते आणि गिअर खाते.

मटेरियल. सुरुवातीला प्लास्टिकची चासी घ्या आणि त्यात कमीपणा मानू नका. प्लास्टिक गंजत नाही, पडलं आपटलं तर वाकून परत येतं, आणि लादीच्या सांध्यांवर थोडी लवचिकता गाडीला बरी पडते. कार्बन ताठ असतो, सपाट स्वच्छ ट्रॅकवर त्याचा फायदा दिसतो, कोब्यावर शिकणाऱ्याला काही दिसत नाही. ॲल्युमिनियम घ्यायचंच तर ॲनोडाइज केलेलं, म्हणजे रंगीत थर असलेलं, उघडं चकचकीत घेऊ नका, मीठ त्याला सोडत नाही.

किट उघडल्यावर मी तीन गोष्टी करतो. सगळे एम३ स्क्रू स्टेनलेसचे बदलून टाकतो, हार्डवेअरच्या दुकानात नाही मिळाले तर सेट मागवतो. चाकातली बेअरिंगं, जी १/१० मध्ये बहुतेक ५ बाय १० बाय ४ मापाची असतात, ती रबर सीलवाली घालतो आणि चार जादा घेऊन ठेवतो. आणि पावसाळ्यात गाडी झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, आत सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या औषधांच्या बाटल्यांमधून, बुटांच्या खोक्यांमधून साठवत जायच्या. एवढं केलं की चासी पाच वर्षं सहज राहते.

सुटे भाग

चासी कितीही भारी असू दे, पुढचा आर्म तुटल्यावर तो दहा दिवसांत हातात येत नसेल तर ती आपल्या कामाची नाही. आपल्याकडे गल्लीत हॉबी शॉप नाही, सगळं पुण्या-मुंबईहून कुरिअरने नाहीतर परदेशातून. आणि परदेशातून मागवताना कस्टम ड्यूटी धरा, खेळण्यांवरची ड्यूटी २०२० च्या बजेटमध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के केली होती. स्वस्त दिसणारी गाडी दारात येईपर्यंत स्वस्त राहत नाही. म्हणून ऑर्डर द्यायच्या आधी दुकानदाराला फोन करा आणि चासीबद्दल विचारू नका, विचारा की याचा पुढचा आर्म, नकल (चाक बसतं तो वळणारा भाग), बॉल एंड (दांड्यांच्या टोकाचे गोल सांधे), स्पर गिअर आणि मागचा ड्राइव्ह शाफ्ट आत्ता स्टॉकमध्ये आहे का. पाचपैकी तीन नसतील तर दुसरी चासी बघा. माझ्या अनुभवात योकोमो, एमएसटी आणि थ्री रेसिंगची साकुरा यांचे भाग शोधले तर मिळतात, कारण चालवणारे जास्त आहेत, आणि कोणाकडे तरी जुनी गाडी भागांसाठी पडलेली असते.

याच कारणाने मी म्हणतो की गावात आधीच दोघांकडे जी चासी असेल तीच घ्या, जरी दुसरी थोडी बरी वाटली तरी. रविवारी सकाळी आर्म तुटला तर शेजारचा स्वतःच्या डब्यातून काढून देतो आणि गाडी अर्ध्या तासात परत लादीवर येते.

आता नावं घेऊन सांगायचं तर योकोमोची वायडी-२ खूप वर्षं चाललेली, तिची माहिती आणि सेटिंग सगळीकडे मिळतं. त्यांचीच आरडी नावाची मालिका आहे, रुकी ड्रिफ्ट, म्हणजे नवशिक्यांसाठीच केलेली, आणि त्याच्या वर एसडी आणि एमडी. एमएसटीची आरएमएक्स तयार गाडी म्हणूनही मिळते आणि सुट्या भागांत किट म्हणूनही. तयार की किट असं विचाराल तर किट, निःसंशय किट. तीन-चार संध्याकाळी जातात, पण कुठला स्क्रू कुठे जातो हे हाताला कळतं आणि तुटल्यावर घाबरायला होत नाही. फक्त किट म्हणजे नुसता सांगाडा, मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारी डबी), सर्वो (स्टेअरिंग फिरवणारी छोटी मोटर), जायरो, रिमोट, बॅटरी, चार्जर, बॉडी आणि बऱ्याचदा टायरसुद्धा वेगळे, हे घरी आधी सांगून ठेवा. माझ्या गाडीत चासीला जेवढे गेले त्याहून थोडे जास्तच बाकीच्याला गेले.

जुनी घेत असाल तर

जुनी चासी घ्यायला हरकत नाही, पण फोटोवर घेऊ नका. चाकं एकेक हलवून बघा, कडकड लागली तर बॉल एंड आणि बेअरिंग गेलेली. मागची दोन चाकं हाताने फिरवा, ड्रिफ्टमध्ये मागचा डिफ, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गिअर, बहुधा लॉक असतो, म्हणून एक चाक फिरवलं की दुसरं त्याच दिशेने फिरलं पाहिजे, उलटं फिरलं तर डिफ उघडा आहे, तो लॉक करावा लागेल किंवा त्याजागी स्पूल, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा तुकडा, घालावा लागेल. चासी उलटी करून स्क्रूच्या खाचा बघा, गोल झाल्या असतील तर ती सोडवताना घाम निघणार. आणि चासी काचेवर किंवा सपाट लादीवर ठेवून चारही चाकं टेकतात का बघा, एक अधांतरी असेल तर पिळलेली आहे. बंद झालेलं मॉडेल असेल तर सोबत एक भागांची गाडी मिळत असेल तरच घ्या.

बाकीचं थोडक्यात

मोटर ५४० मापाची, ब्रशलेस, सेन्सरवाली, १०.५ टी किंवा १३.५ टी, टी म्हणजे तारेचे वेढे, आकडा कमी तेवढी ताकद जास्त. यापेक्षा जास्त ताकद आपल्या लादीवर उतरत नाही. पिनियनचं, म्हणजे मोटरवरच्या छोट्या गिअरचं, पिच (दातांचं माप) स्पर गिअरशी जुळतंय ना बघा, ४८ आणि ६४ एकमेकांत बसत नाहीत. सर्वो ताकदीपेक्षा वेगवान पाहिजे, कारण जायरो सेकंदात कितीतरी वेळा त्याला हुकूम देतो. रिमोट किमान तीन चॅनेलचा, म्हणजे जायरोचा गेन, तो किती जोर लावतो ते, हातातूनच कमी जास्त करता येतो. बॅटरी २ सेलची लिपो, ७.४ व्होल्ट, पूर्ण चार्ज ८.४. चार्जिंगला लावून जेवायला जाऊ नका, आठवडाभर चालवायची नसेल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा, मे महिन्यात बंद कारमध्ये विसरू नका.

बॉडीसाठी व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, बघा, बहुतेक १/१० चासी २५७ मिलिमीटरच्या आसपास असतात आणि त्या मापाच्या बॉड्या भरपूर मिळतात.

ज्यांच्याकडे खरंच पडवीएवढीच जागा आहे, दहा बाय बारा फूट, त्यांनी १/१० घेऊन दर सेकंदाला भिंत गाठण्यापेक्षा १/२८ ची गाडी घ्यावी. क्योशोच्या मिनी-झेड मापाची. तिच्यातही रिअर व्हील ड्रिफ्ट चासी येतात, जेवणाच्या टेबलाएवढ्या जागेत ट्रॅक होतो. फक्त त्यांना लादीचा सांधा म्हणजे डोंगर, कोबाच पाहिजे.

भाच्याला काय घेतलं

त्याने शेवटी सोसायटीच्या पार्किंगचा व्हिडिओ काढून पाठवला, गुळगुळीत घोटलेलं सिमेंट, छप्पर आहे, रात्री नऊनंतर गाड्यांची ये-जा कमी. त्याच बिल्डिंगमधल्या एकाकडे आधीपासून आरएमएक्स आहे असंही कळलं. मग प्रश्न उरलाच नाही. मिड मोटर, प्लास्टिक, गिअरवाली, शेजारच्यासारखीच आरएमएक्स, तोच टायर. दिवाळीच्या सुट्टीत किट घेऊन इकडे आला आणि आम्ही दोघांनी पडवीत चादर अंथरून जोडली, चादर यासाठी की पडलेला स्क्रू गडगडत अंगणात जात नाही.

पहिल्यांदा चालू करताना हे एक न चुकता करा. गाडी हातात धरा, चाकं अधांतरी, रिमोट आधी चालू, मग गाडी, आणि जायरो जागा होईपर्यंत दोन-तीन सेकंद हलवू नका. मग गाडीचं नाक झटकन डावीकडे वळवा, पुढची चाकं उजवीकडे वळली पाहिजेत. डावीकडे वळली तर जायरो उलटा लागलाय, त्याचं रिव्हर्स बटण दाबा, नाहीतर गाडी खाली ठेवल्या ठेवल्या भिंतीत जाते. गेन अर्ध्यावर ठेवा. सरळ जाताना पुढची चाकं थरथरली तर थोडा कमी करा, गाडी सारखी गरकन फिरत असेल तर थोडा वाढवा.

मग कोब्यावर मधोमध एक चप्पल ठेवायची आणि तिच्याभोवती एकाच दिशेने गोल, थ्रॉटल अर्ध्याच्या आत. पूर्ण एक बॅटरी डावीकडून, पुढची उजवीकडून. दोन्ही बाजूंनी दहा-दहा गोल न थांबता जमले की दुसरी चप्पल ठेवायची आणि आठाचा आकडा काढायचा. पहिली बॅटरी संपली की लगेच दुसरी लावू नका, पान्याचा सेट घ्या आणि चाकाच्या नटांपासून मोटरच्या स्क्रूपर्यंत एकदा सगळे आवळा, नव्या किटमध्ये चार-पाच तरी ढिले सापडतातच. भाच्याच्या गाडीत सहा सापडले, त्यातला एक मोटरचा होता.